रंग द्यायच्या आधीचा उजेड

२२ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष चालू आहे, रंगाचं काम घटस्थापनेनंतरच काढायचं, असं आईने बजावलं आहे. मलाही ते बरंच वाटलं. भिंतींतली पावसाची ओल अजून पुरती गेलेली नाही, शिवाय रंग ठरवण्याआधी प्रत्येक खोलीतला उजेड नीट पाहायचा होता.

आज दिवस-रात्र समान. सूर्य बरोबर पूर्वेला उगवणार आणि बरोबर पश्चिमेला मावळणार. सकाळी ढग फाटले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन समोरच्या कपाटावर अगदी सरळ पडलं. उद्यापासून सूर्य पूर्वेच्या किंचित दक्षिणेला उगवायला लागेल. आईच्या खोलीची एकुलती खिडकी उत्तरेला आहे. तिथे आता मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उन्हाचा कवडसा यायचा नाही. दिवसभर आभाळाचा उजेड तेवढा येणार, आणि तो निळसर असतो, कारण हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो. चित्रकार स्टुडिओसाठी उत्तरेचीच खिडकी मागतात, कारण तो उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत फारसा बदलत नाही. पण चित्र रंगवणं वेगळं आणि त्याच उजेडात दिवसचे दिवस पलंगावर बसून काढणं वेगळं.

बाहेरच्या पुस्तकांत उत्तरेची खोली म्हणजे थंड खोली, तिला उबदार रंग द्यावा, असा सरसकट नियम असतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ आईच्या खोलीत तिरकं ऊन येतं आणि ते सोसवत नाही. मग पाऊस सुरू होतो, आणि ढग दाटले की घरातल्या सगळ्याच खोल्या उत्तरेच्या होतात. तो नियम आपल्या घराला अर्धाच लागू पडतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

दुकानात गेले होते. आता तयार रंगांचे डबे थोडे आणि पांढऱ्या बेसचे डबे जास्त. शेडचा नंबर सांगितला की मशीन त्या बेसमध्ये पिवळ्या, तांबड्या, काळ्या, निळ्या रंगद्रव्याचे मोजून थेंब सोडतं आणि डबा घुसळून हातात येतो. पांढऱ्याच्या जवळपासच्या छटाच केवढ्या! सगळ्या सारख्याच दिसतात, पण मशीनच्या पडद्यावरची कृती वाचली की गुपित कळतं. एकात पिवळ्या ऑक्साइडचा थेंब आणि तांबड्याचा अंश, तो मोतिया. दुसऱ्यात काळा आणि निळा, तो चार भिंतींवर चढला की राखाडी होणार. दुकानदाराला विचारलं तर कृती दाखवायला तो नाही म्हणत नाही. फारसं कुणी विचारत नाही, एवढंच.

छटा ओळखायची सोपी रीत आहे. शेडकार्ड साध्या कोऱ्या कागदावर ठेवायचं आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात न्यायचं. कोऱ्या पांढऱ्याशेजारी लपलेला पिवळा, गुलाबी किंवा हिरवा लगेच वर येतो. दुकानातल्या निळसर ट्यूबखाली निवडलेला रंग घरी आणून लोक हळहळतात. तो रंग त्यांनी घरातल्या उजेडात पाहिलेलाच नसतो.

आणखी एक. कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा सौम्य दिसतो, तोच रंग खोलीभर गडद होतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, त्यामुळे कोपऱ्यात तर तो आणखी दाटतो. म्हणून आवडलेल्या रंगापेक्षा एक-दोन पायऱ्या फिका घ्यावा. पिवळ्याच्या बाबतीत तर नक्कीच.

२९ सप्टेंबर, रविवार

लहान डबे आणून प्लायच्या फळ्यांवर नमुने रंगवले. भिंतीवरच पट्टे ओढायचे नाहीत, यावर मी ठाम होते. आमच्या जुन्या भिंती पिस्ता रंगाच्या आहेत. एके काळी पुण्यात दर दुसऱ्या घराच्या भिंती अशाच असायच्या. पिस्त्यावर मोतिया लावला तर तो गुलाबी दिसतो आणि राखाडी लावला तर जांभळट. पॅरिसच्या गोबेलँ गालिच्यांच्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काही धाग्यांचा रंग नीट चढत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती रंगात खोट निघाली नाही. शेजारचा धागा डोळ्याला फसवत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांना मी हे करड्या कागदाचे तुकडे लाल आणि हिरव्या कागदावर ठेवून दाखवायचे. तोच करडा एकीकडे हिरवट आणि दुसरीकडे तांबूस दिसला की वर्ग एकदम गप्प व्हायचा.

फळ्या मात्र हव्या तिथे नेता येतात. खिडकीजवळ, खिडकीसमोर, कोपऱ्यात, पलंगामागे. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. आमच्या मोझेकच्या फरशीत तांबडी खडी आहे. दुपारी पश्चिमेचं ऊन जमिनीवर पडलं की बाहेरच्या खोलीत भिंतीचा खालचा भाग आपोआप तांबूस होतो. खाली शहाबादी असती तर याच फळ्या वेगळ्या दिसल्या असत्या. फर्निचर बदलता येतं, पडदे बदलता येतात, फरशी कुणी सहसा बदलत नाही. रंग निवडताना आधी खाली बघावं, असं माझं मत होत चाललं आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

रंगारीकाका आले. लातूरकडचे, बोलणं मोजकं. "ताई, अगोदर खरवडून घेऊ. रंगाचं मागून बघू."

खरवडताना घराचे थर दिसले. वर पिस्ता, त्याखाली आकाशी डिस्टेंपर, त्याखाली फिकट अबोली आणि अगदी आत चुना. त्या चुन्यालाही निळसर झाक होती. पूर्वी चुन्यात नीळ टाकायचेच, धोतराला आणि साडीला द्यायचे तीच. चुना जरासा पिवळट असतो, निळा त्या पिवळ्याला मारतो आणि भिंत शुभ्र दिसते. हा निळा म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी अफगाणिस्तानातल्या खाणींतल्या लाजवर्द दगडापासून काढायचे, सोन्याच्या भावाने विकला जायचा. १८२८ साली फ्रान्सच्या गिमे यांना तो कृत्रिम रीतीने बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं आणि पुढे तो किराणा दुकानातल्या पुडीपर्यंत पोचला. थंड रंगाचा थेंब टाकून उजळपणा मिळवायचा, हे आपल्या घराघरांतल्या बायकांना शेडकार्डं निघण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

दारांच्या चौकटींवर मात्र जुना ऑइल पेंट आहे. तो कोरडा घासायचा नाही, पाणी मारून मारून पॉलिश पेपर चालवायचा, असं काकांना सांगितलं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. त्याआधीच्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. शेजारची नात दिवसभर आमच्याकडेच असते. तिला आठवडाभर घरात येऊ द्यायचं नाही. काकांनाही मास्क दिला. त्यांनी तो लावला, आणि मी बघत नसतानाही तोंडावरच ठेवला, याचं मला फार समाधान वाटलं.

माळ्यावर रंगाचा एक गंजका डबा सापडला. त्यावर ब्रश आणि बादली घेतलेला गट्टू. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४मध्ये काढलेला हा पोरगा किती वर्षं आपल्या घरांत वावरला! आईने तो डबा टाकू दिला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

आईच्या खोलीसाठी माझं मन ठरलं होतं. उत्तरेचा निळसर उजेड, त्यावर उतारा म्हणून मोतिया किंवा फिका बदामी. फळ्या तिच्या समोर मांडल्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा निळा कुणाच्या खोलीला?"

"तो आतल्या खोलीसाठी आणलाय."

"मला हा दे."

मी समजावायला लागले, की या उजेडात निळा उदास दिसेल, पावसाळ्यात तर राखाडीच होईल. तिने तळहाताने डावा डोळा झाकला, मग उजवा. पुन्हा डावा. "या डोळ्याने हा निळा आहे. त्या डोळ्याने मळलेल्या धोतरासारखा आहे. किती वर्षं मला सगळं तसंच दिसत होतं गं. तुम्ही कुणी सांगितलं नाहीत."

उन्हाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा अजून राहिला आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग अडवतं. मोतीबिंदू वाढला की जास्तच. हे इतकं हळूहळू होतं की माणसाच्या लक्षातही येत नाही. फिका निळा आणि फिका राखाडी, गडद निळा आणि काळा यांतला फरक मिटत जातो. भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की निळा एकदम परत येतो. तिच्या एका डोळ्यात तो परत आला आहे.

क्लोद मोने आठवला. त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३मध्ये झालं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्याआधीच्या चित्रांत तांबडे-तपकिरी रंग दाटून आले होते. ऑपरेशननंतर त्याला सगळं निळं दिसतंय असं वाटायचं, आणि तो दोन डोळ्यांतल्या फरकाने हैराण झाला होता. ज्याने जन्मभर उजेडच रंगवला, त्यालाही आपला डोळा कसा बदलत गेला याचा भरवसा उरला नव्हता. त्याचं जिव्हर्नीचं घर अजून जपलेलं आहे. जेवणाची खोली पूर्ण पिवळी, भिंतीच नाहीत तर कपाटं आणि खुर्च्यासुद्धा. लागूनच निळं स्वयंपाकघर, निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं. मधलं दार उघडं असलं की पिवळ्या खोलीतून निळा दिसतो आणि दोन्ही रंग अधिक खुलतात. तिथे गेलेले लोक या दाराविषयी बोलतात. त्याने दोन्हींमधून एक निवडला नाही, दोघांना शेजारी बसवलं.

रंगचक्राचे दोन भाग करून अर्धे रंग उबदार आणि अर्धे थंड असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. ते मुलांच्या कागदावर ठीकच आहे. पण खोलीत रंगासोबत खिडकी येते, फरशी येते, दिवा येतो, आणि ज्याने तिथे राहायचं त्याचा डोळा येतो. माझा डोळा तिच्या खोलीत दिवसाला अर्धा तास असतो. तिचा वीस तास.

निळाच द्यायचा. आता कुठला आणि कुठे, एवढंच बघायचं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

फळ्या घेऊन दिवसभर आईच्या खोलीत होते. उत्तरेचा उजेड सगळ्यात भरून दक्षिणेच्या भिंतीवर पडतो. ती खिडकीसमोरची, पलंगावरून समोर दिसणारी. निळा तिथेच. खिडकीच्या दोन्ही अंगांची भिंत कायम अंधारलेली असते. समोरून येणाऱ्या उजेडाने डोळा दिपतो आणि ती भिंत आहे त्याहून काळवंडते, तिथे निळा मेलाच असता. बाकी तिन्ही भिंती मोतिया. छतालाही शुभ्र नको, त्याच मोतियाची आणखी फिकी छटा. पांढरंफटक छत उत्तरेच्या खोलीत बर्फासारखं दिसतं.

निळ्यांतही फरक आहे. हिरव्याकडे झुकणारा मोरपंखी अंगाचा निळा या उजेडात अधिकच गार होतो. ज्यात तांबड्याचा थेंब आहे, जांभळ्याकडे कललेला, त्यात ऊब राहते. तो घेतला. खूप फिका नाही, कारण डाव्या डोळ्याला फिका निळा राखाडीच दिसणार. थोडा भरलेला असला की त्या डोळ्यालाही काहीतरी मिळेल.

रंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गडद-फिक्यातला फरक. आईला रात्री बाथरूमकडे जाताना दाराची चौकट भिंतीत विरघळलेली दिसते. मोतिया भिंतीला सागवानी गडद चौकट, स्विचबोर्डाभोवती गडद पट्टी. वयस्कर माणसांच्या खोलीत भिंत, दार आणि फरशी सगळं एकाच हस्तिदंती रंगात करायची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. फोटोत छान दिसतं. चालताना धडकायला होतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

काम बंद. दाराला झेंडूचं तोरण. पूजेच्या पाटामागे निळी फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, तिच्यापुढे झेंडू असा काही पेटला की आपट्याची पानं द्यायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, हा रंग कुठला. मी सगळ्यांना निळ्याचा नंबर सांगितला. आवडला मात्र त्यांना झेंडू होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मुलीच्या खोलीवरून तिची आणि माझी चर्चा. तिला राखाडी-निळा हवा. फोनवर फोटो आहेत, उत्तर युरोपातल्या घरांचे. मी म्हटलं, फोटोतला रंग बघू नकोस. कॅमेरा उजेडाचा पिवळेपणा किंवा निळेपणा आपणहून काढून टाकतो, म्हणून फोटोत सगळ्या भिंती सभ्य दिसतात. पण तिची निवड चुकीची नाही. तिची खोली पश्चिमेला आहे, दुपारी तीननंतर उन्हाने पिवळी होते. तिथे थंड रंग त्या पिवळ्याला आवर घालेल. मोतिया दिला असता तर एप्रिलच्या दुपारी खोली भट्टी वाटली असती. मी होकार दिला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, निळ्याने खोली गार होते, विजेचं बिल कमी येतं. तसं होत नाही. आतल्या भिंतीच्या रंगाने थर्मामीटर हलत नाही, फक्त वाटण्यात फरक पडतो. पारा खरोखर उतरवायचा तर छत पांढरं करावं लागतं, वरून. अहमदाबादमध्ये गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा परावर्तक रंग देण्याचं काम झालं आहे. आमचा मजला सगळ्यात वरचा. सोसायटीच्या बैठकीत गच्चीला पांढरा थर देण्याचा विषय मी काढणार आहे. आतल्या रंगाएवढीच आवड मला त्याची आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी

गच्चीवर दूध आटवलं. चांदणं निळं वाटतं, पण चंद्राचा प्रकाश हा सूर्याचाच, परत फिरलेला, आणि मोजला तर दिवसाच्या उन्हापेक्षा थोडा पिवळाच भरतो. उजेड कमी झाला की आपला डोळा दुसऱ्या पेशींवर जातो, त्यांना तांबडा दिसत नाही आणि निळा जास्त उजळ दिसतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. गच्चीवरच्या कुंड्यांत लाल जास्वंद काळी दिसत होती आणि गोकर्ण मात्र फिकट उजळ. दोन्ही एकाच कठड्यावर.

खाली आल्यावर दिव्यांचं उरकलं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. गंमत अशी की आकडा तापमानाचाच आहे, आणि जास्त तापलेल्या वस्तूचा प्रकाश निळसर असतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ज्याला आपण थंड उजेड म्हणतो तो मुळात जास्त तापलेल्याचा.

आईच्या खोलीत झोपण्यापूर्वीच्या दिव्यासाठी २७००, आणि वाचायला पलंगाशी ४०००. निळी भिंत पिवळ्या दिव्याखाली किंचित मातकट होते, पण रात्री तिला वाचायचं असतं, भिंत बघायची नसते. बाहेरच्या खोलीत सगळ्यांना लख्ख ६५०० हवा होता. मी ४०००वर अडून बसले आणि तिथे फिका बदामी ठरवला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आईच्या खोलीत निळ्याचा पहिला हात. ओला असताना आई दारात येऊन म्हणाली, "फार फिका दिसतोय."

काका म्हणाले, "आजी, वाळू द्या की. इमल्शन वाळल्यावर एक पायरी चढतंय. चुना उलटा, ओला दिसत नाही आणि वाळल्यावर पांढरा."

संध्याकाळपर्यंत चढला. दुसरा हात उद्या. काकांचं काम बघत राहावंसं वाटतं. लांबी भरताना पत्रा असा काही फिरतो की भिंतीला दुसरी कातडी आल्यासारखी वाटते. शेड कोणतीही असो, खालची भिंत सरळ नसेल तर उत्तरेचा तिरपा उजेड प्रत्येक उंचवटा दाखवतो. म्हणून त्या खोलीसाठी मॅट फिनिश, चमक अजिबात नको.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

बाहेरची खोली झाली, मुलीची झाली. स्वयंपाकघरावर फार विचार केला नाही. पूर्वेचं ऊन, टाइल्स पांढऱ्या, वरच्या पट्ट्याला धुता येणारा फिका लिंबोणी. बाथरूमच्या दारांचा ऑइल पेंट वसुबारसेच्या आधी होईल, असं काका म्हणाले.

प्रत्येक डब्याची कृती, म्हणजे बेस आणि थेंबांची मापं, कागदावर उतरवून उरलेल्या डब्यांवर चिकटवली आणि एक प्रत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. खिळा काढल्यावर भोक बुजवायला पुढे लागेल.

आईने दुपारी पलंग हलवायला लावला, भिंत नीट समोर यावी म्हणून. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला डॉक्टरांना दिवाळीनंतर फोन करायचा आहे. तिने आज स्वतःहून सांगितलं, लवकरची घे.